पुन्हा पुट अप करावे

कप उचलला तर त्याच्यासोबत फाईलही वर आली. गेले पंधरा दिवस बळवंतराव देवस्थळी सकाळचा चहा त्याच फाईलवर टेकवत होते, आणि सांडलेल्या थेंबांतली साखर वाळून कपाचं बूड आणि फाईलचा पुठ्ठा यांचं चांगलंच गूळपीठ जमलं होतं. मधुमेही माणसाच्या चहात साखर आली कुठून, हे विचारणाऱ्याने आधी स्वतःच्या घरातले डबे तपासावेत. तर फाईल वीतभर वर गेली, क्षणभर लोंबकळली, सुटली आणि उताणी पडली. आत नोटशीटचे हिरवे कागद होते. गाझियाबादेत सातव्या मजल्यावरच्या त्या खोलीत नोव्हेंबरच्या धुराचा उजेड होता, म्हणजे उजेड नव्हताच, राखाडी रंगाचं काहीतरी खिडकीला टेकून उभं होतं. बळवंतरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. हा कागद त्यांच्या ओळखीचा होता. अवर सचिव म्हणून निवृत्त होईपर्यंत पस्तीस वर्षं त्यांनी याच हिरव्या कागदावर सही केली होती, आणि आता अकरा वर्षांनी तो त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर आला होता, एकावर एक पडलेल्या चहाच्या पंधरा वर्तुळांखालून. मुरलेला अधिकारी फाईल पहिल्या पानापासून कधीच वाचत नाही, शेवटचं पान काढतो. त्यांनी शेवटचं पान काढलं. अक्षर सुमित्राचं होतं.

‘विषय : मिरजेला राहायला जाण्याबाबत. लताच्या बालवाडीचं आता तिच्या एकटीने होत नाही. सकाळी नऊ ते बारा मुलं असतात. वरची खोली रिकामी आहे. मी जायचं म्हणते. परतीचं तिकीट काढत नाहीये. तिकीट पंधरा नोव्हेंबर, दुपारी तीन, निजामुद्दीन. मागचे कागद जोडले आहेत, फ्लॅग अ, ब आणि क पाहावेत. चौदा तारखेपर्यंत आपलं उत्तर न आल्यास आपली हरकत नाही असं समजण्यात येईल. पुट अप. सुमित्रा, ३१ ऑक्टोबर.’

आज पंधरा तारीख होती.

बळवंतरावांनी ते पान दोनदा वाचलं. लता म्हणजे त्यांची मेव्हणी, मिरजेची. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की मसुदा निर्दोष आहे. विषय आहे, वस्तुस्थिती आहे, प्रस्ताव आहे, मागचे कागद आहेत, मुदत आहे. हाताखालच्या कारकुनांना वर्षानुवर्षं शिकवूनही जे जमलं नाही, ते या बाईने कधी ऑफिसची पायरी न चढता लिहिलं होतं. दुसरा विचार येईल म्हणून ते थोडं थांबले. आला नाही. त्यांचं डावं पाऊल दोन वर्षांपासून बधिर होतं. डॉक्टर टाचणी टोचून विचारायचा, ‘कुछ लगा?’ आणि बळवंतराव प्रामाणिकपणे सांगायचे, ‘दिखा.’ टाचणी टोचलेली दिसायची. तसंच आत्ता त्यांना दिसत होतं, की बायको आज दुपारी कायमची चालली आहे. स्वयंपाकघरातून डब्यांची झाकणं लागल्याचे आवाज येत होते. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी विचारलं होतं, हेही त्यांना आठवलं. ‘ही फाईल कुणाची गं?’ ‘तुमचीच.’ ‘बघतो,’ असं म्हणून त्यांनी तिच्यावर कप ठेवला होता. सोसायटीच्या लिफ्टची असेल असं वाटलं होतं त्यांना.

आता ज्यांच्या नशिबी दिल्लीची सरकारी नोकरी आली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगायला हवं, की पुट अप ही काय चीज आहे. खालच्या माणसाने कागद वाचायचा, त्यावर नोट लिहायची आणि साहेबापुढे ठेवायची, याला म्हणतात पुट अप करणं. साहेबाला निर्णय घ्यायचा नसला, आणि तो त्याला सहसा घ्यायचा नसतोच, की तो समासात लिहितो, अधिवेशनानंतर पुट अप करावे. पूर्ण माहितीसह पुट अप करावे. पुन्हा पुट अप करावे. जिना चढताना जो मंत्र तोच उतरताना. ज्याने कोणी हे दोन शब्द आपल्या सरकारला दिले त्याने रेल्वेपेक्षा मोठी देणगी दिली असं बळवंतराव म्हणत. रेल्वेत बसलेला माणूस निदान कुठेतरी पोचतो. त्यांच्या मंत्रालयाच्या आवारात एक कडुनिंब होता, त्याची फांदी विजेच्या तारेला लागायची. फांदी तोडायची फाईल निघाली. ती अकरा वर्षं पुट अप होत राहिली. मग एका वादळात कडुनिंबच उन्मळून पडला. तो पडल्याची नोट पुट अप झाली. बाराव्या वर्षी फांदी तोडायला मंजुरी आली, आणि मंजुरी वाया जाऊ नये म्हणून नवा कडुनिंब लावून, तो तारेपर्यंत वाढायची वाट पाहून, त्याची फांदी तोडण्यात आली. हा किस्सा बळवंतराव मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी सांगत. पहिल्या वर्षी फाईल पाच वर्षं चालली होती, पुढे ती अकरावर गेली. निवृत्त होईपर्यंत एकोणीसपर्यंत पोचली. सुमित्रा तिसऱ्या रांगेत बसून बरोबर जिथे हसायचं तिथे हसायची. आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना ते हसणं आठवून पाहावंसं वाटलं. तोंड आठवलं, उघडलेलं, पदर तोंडाशी नेलेला हात आठवला. आवाज आला नाही.

त्यांनी फाईल उलटी करून पहिलं पान काढलं. तिथे त्यांचंच अक्षर होतं, सेक्शन ऑफिसर असतानाचं, तरणंताठं. ‘गृहफाईल क्र. १. या घरात यापुढे कोणतीही मागणी तोंडी स्वीकारली जाणार नाही.’ चौऱ्याण्णव साल, सरोजिनी नगरचा क्वार्टर, दोन खोल्या आणि एक व्हरांडा, मार्केटमधल्या कपडेवाल्यांच्या आरोळ्या संध्याकाळी थेट जेवणाच्या ताटात पडायच्या. आठ वर्षांची लेक केतकी कशासाठी तरी तीन दिवस भुणभुण करत होती आणि बळवंतरावांनी ऑफिसातून रद्दीतला एक पुठ्ठा आणि कोऱ्या नोटशीटा आणल्या होत्या. गंमत म्हणून. गंमत होतीच ती. केतकीने पहिली नोट लिहिली, ‘विषय : मांजर. मला मांजर पाहिजे. ती दूध पिईल आणि माझ्या पायाशी झोपेल. पुट अप.’ खाली यांचा शेरा, ‘परीक्षेनंतर पुट अप करावे.’ आख्खी गल्ली हसली होती. शेजारचे खन्ना यायचे ते बाहेरूनच ओरडायचे, ‘देवस्थळी साब, मेरी चाय पुट अप कराओ.’ पुढे पुढे घरात सगळंच त्या भाषेत होऊ लागलं. भात पुट अप झाला का. केतकीचं प्रगतिपुस्तक अजून पुट अप का झालं नाही. दर दिवाळीत फटाक्यांची यादी पुट अप व्हायची, आणि बळवंतराव तिच्यावर ‘निम्मी करून’ असं लिहायचे. गल्लीतल्या कुत्र्यानेही एकदा पावलाचा ठसा उमटवून अर्ज केला होता असं ते मंडळात सांगायचे, आणि लोक विश्वास ठेवायचे, कारण कुत्र्याला भाकरी मात्र खरंच मिळत नव्हती. केतकी नोट देऊन दाराच्या पडद्याशी उभी राहायची, एका पायावर, दुसऱ्या पायाची बोटं पोटरीवर घासत, आणि बाबांचं पेन कुठल्या दिशेने हलतंय ते बघायची. परीक्षेनंतर तिने पुन्हा पुट अप केलं. ‘पावसाळ्यानंतर.’ पावसाळ्यानंतर पुन्हा. ‘मांजराचे फायदे व तोटे यांच्या तक्त्यासह.’ तक्ता होता फाईलमध्ये, पट्टीने आखलेला. फायद्यांच्या रकान्यात सात गोष्टी, तोट्यांच्या रकान्यात एक : ‘मरेल.’ त्यावर शेरा होता, ‘तोटा गंभीर आहे. फेरविचारासह पुट अप करावे.’ त्यानंतर मांजराचा कागद नव्हता.

फ्लॅग म्हणजे कागदाच्या कडेला टाचणीने लावलेली चिठ्ठी, साहेबाला शोधावं लागू नये म्हणून. सुमित्राने तिन्ही चिठ्ठ्या सुबक कापल्या होत्या. टाचण्या नव्या होत्या, आणि तिने त्या अशा टोचल्या होत्या की बोटाला लागू नयेत. फ्लॅग अ, पंच्याण्णव. करोल बागेच्या बाजूला एका बालवर्गावर तिला नोकरी मिळत होती, सकाळची. ‘केतकी शाळेतून येईल तेव्हा घरी कोण, याच्या तपशिलासह पुट अप करावे.’ तिने तपशील दिला होता, मिसेस खन्ना. ‘बदल्यांच्या हंगामानंतर.’ त्यांची बदली झाली नाही, ती कधी होणारच नव्हती. हंगामानंतर तिने लिहिलं होतं, ‘जागा भरली. माहितीसाठी सादर.’ आणि यांनी सही केली होती, कारण माहितीसाठी आलेल्या कागदावर सही करायची असते.

फ्लॅग ब उघडण्याआधी त्यांना ते कळलं. हाताला कळलं बहुधा. हात पानाच्या कोपऱ्यावर थांबला. सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. ‘विषय : मिरजेला जाण्याबाबत. आईचं खाणं कमी झालंय असं लताचं पत्र आहे. मी आठ दिवस जाऊन येते. केतकीला नेईन. पुट अप.’ आणि खाली निळ्या शाईत, तारखेसह, वळणदार, ‘बजेट अधिवेशनानंतर पुट अप करावे.’ सुमित्राची आई मार्चच्या अकरा तारखेला गेली. बळवंतरावांनी आपण तेव्हा काय केलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. त्यांना आठवलं, त्या आठवड्यात संसदेच्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी सात वेळा बदललं होतं, आणि प्रश्न होता नारळाच्या काथ्याबद्दल. काथ्याचं उत्पादन किती मेट्रिक टन, ते आजही तोंडपाठ होतं. तार आली तेव्हा सुमित्रा कुठे उभी होती, ते आठवेना. ती रडली असेल. मिरजेला गेली, तेरावा करून आली, हे नक्की, कारण येताना तिने आईचं एक पितळी तबक आणलं होतं, ते अजून देवापाशी आहे. ती परत आली त्या संध्याकाळी काय बोलली? काही बोलली असेल ना. बळवंतरावांनी आठवणीवर टाचणी टोचून पाहिली, आणि टाचणी फक्त दिसली. त्यांना वाटलं, नाही म्हणालो असतो तर बरं झालं असतं. नाही म्हटल्यावर माणूस भांडतो, रागावून निघून जातो, गाडीत बसतो. पण मी तिला कधी नाही म्हणालोच नाही. या आख्ख्या फाईलमध्ये, एकतीस वर्षांत, त्यांच्या शेऱ्यांत नाही असा शब्द एकदाही नव्हता. हो असाही नव्हता.

फ्लॅग क चं पान जवळजवळ कोरं होतं. केतकी पुण्याला शिकायला वसतिगृहात गेली त्या आठवड्यातली तारीख. सुमित्राने लिहिलं होतं, ‘विषय : मी.’ पुढे काही नव्हतं. पेन टेकवून उचलल्याचे दोन ठिपके होते. आणि खाली यांचा शेरा, ‘पाहिले. आवश्यकता भासल्यास पुट अप करावे.’ सही, तारीख. तारीख कशी अगदी ठसठशीत होती.

ते उठले. बधिर पाऊल जमिनीवर नीट टेकलंय की नाही हे बघून मगच दुसरं उचलायचं, अशी त्यांची चाल झाली होती. स्वयंपाकघराच्या दारात ते उभे राहिले. सुमित्रा डब्यांवर चिकटपट्टीने नावं लावत होती, मराठीत आणि खाली हिंदीत, कारण कामाला येणाऱ्या प्रभाला मराठी वाचता येत नव्हतं. नाव मराठी असलं म्हणून काय झालं, प्रभा बिजनौरची.

“फाईल पाहिली,” ते म्हणाले.

“अच्छा,” सुमित्रा म्हणाली. तिने मेथीदाण्याच्या डब्यावर पट्टी दाबली. “सायीखालचं दूध आधी संपवा. प्रभा अकराला येईल रोज, तिला दार उघडायचं असतं, झोपून राहू नका. गोळ्यांचा डबा वारांचा आहे, रविवारपासून भरलाय.”

“मी वाचलीच नव्हती. मला वाटलं लिफ्टची आहे.”

“हो, पाहिलं मी. कप ठेवत होतात.”

“मग सांगायचंस तरी.”

“तोंडी स्वीकारत नाही ना आपण.” हे ती टोचून बोलली असती तर काहीतरी करता आलं असतं. ती प्रभाला दुधाचा हिशोब सांगावा तशी बोलली. “पहिल्या पानावरच आहे तुमच्या.”

“मुदत काल संपली,” ते म्हणाले. “मुदतवाढ मागता येते. नियम आहे तसा.”

“येत असेल. कोणाकडे मागतात?”

“ज्याने मुदत घातली त्याच्याकडे.”

“मग ती संपायच्या आधी मागायची असते ना?” सुमित्राने विचारलं. खरंच विचारलं, माहिती हवी म्हणून. आणि बळवंतरावांनीही माहिती दिली. “हो. आधी.”

फोन वाजला. केतकी होती, गुरुग्रामहून. पलीकडे गाड्यांचे भोंगे. “बाबा, मी निघणार होते पण इथे पूरा जाम आहे, मी स्टेशनवर नाही पोचू शकणार. तुम्ही आईला सोडताय ना?”

“तुला माहीत होतं?”

“मतलब? तिकीट मीच काढलंय.” मग लक्षात येऊन, “बाबा, तुम्ही फाईल वाचली नव्हती? सीरियसली? गेल्या रविवारी समर्थला घेऊन आले होते मी, तेव्हाही ती टेबलावर होती यार. तो विचारत होता, आजोबा ह्याच्यावर चहा का ठेवतात.”

“मग तू का नाही बोललीस?”

“मी कशाला बोलू. मला मांजर मिळाली होती का?” ती हसली, आणि हसणं अर्धवट सोडून म्हणाली, “सॉरी. चलो, पोचल्यावर सांगा. तिला मास्क लावायला सांगा, आज हवा बहोत खराब आहे.”

खालच्या मजल्यावरच्या बायकांनी तेच ठरवून टाकलं होतं, की देवस्थळीबाई प्रदूषणामुळे चालल्या. ‘अच्छा कर रही हैं आंटी, मार्च में आ जाना वापस.’ सुमित्रा सगळ्यांना हो म्हणत होती. एवढं मोठं दिल्लीचं आभाळ कारण म्हणून फुकट मिळत असताना दुसरं कारण कोण सांगत बसेल. बळवंतराव टेबलाशी परत आले. अकरा वाजले होते. त्यांना काय हवंय हे त्यांना माहीत नव्हतं. ती थांबायला हवी होती का, तर तसंही आतून काही हललं नाही. फक्त एक गोष्ट त्यांना अगदी रोखठोक दिसत होती, की तीनला गाडी सुटेल तेव्हा ही फाईल त्यांच्या उत्तराशिवाय बंद होईल, आणि उत्तराशिवाय बंद झालेल्या फाईलवर आयुष्यभर त्यांचा एकच शेरा असे, ‘अधिकारी निष्काळजी.’ त्यांनी खिशातलं पेन काढलं. सुमित्राच्या नोटेखाली बरीच जागा होती. तिने ती मुद्दाम सोडली होती. पेन टेकताच हात आपल्या आपण निघाला आणि पहिलं अक्षर उमटलं ‘पु’. बळवंतरावांनी हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचा तरी हात असावा तसं. मग त्यांनी तो ‘पु’ खोडला, नियमाप्रमाणे एकच रेघ मारून, शेजारी सही करून, आणि पान उलटून नव्या पानावर सुरुवात केली. बरोब्बर एकतीस वर्षांनी या फाईलमध्ये त्यांची पहिली नोट, खालून वर जाणारी.

‘विषय : सोबत येण्याबाबत.’ पुढचं वाक्य जमेना. असं प्रस्तावित आहे की. असं सुचवण्यात येतं की. उचित वाटल्यास. पस्तीस वर्षं जी वाक्यं लिहिली त्यांत कोणी माणूसच नव्हता, कोणीतरी काहीतरी योग्य समजायचं आणि कुठेतरी काहीतरी करण्यात यायचं. दीड तास गेला. प्रभा येऊन फरशी पुसून गेली, त्यांनी दोन्ही पाय वर घेतले तेवढंच. शेवटी पाच ओळी झाल्या. ‘फ्लॅग अ, ब, क पाहिले. फ्लॅग ब वाचताना तुझी आई गेली तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते आठवलं नाही. ते मला हवं आहे. मला मिरजेला यायचं आहे. वरच्या खोलीत दोन माणसं मावतात का, कळावे.’ त्यांनी ते वाचलं. मसुदा म्हणून अत्यंत वाईट होता, मुद्दे एकमेकांशी जुळत नव्हते. खाली त्यांनी लिहिलं, पुट अप, आणि सही केली, आणि पद लिहायच्या जागी काय लिहावं ते न सुचून ती मोकळी सोडली.

टॅक्सीत ते दोघं मागे बसले. गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर धुरात अर्धाच दिसत होता, वरच्या घारी डोंगराला नव्हे, नुसत्या धुराला घिरट्या घालत होत्या. एकदा मंडळात त्यांनी सांगितलं होतं, की हा डोंगर सपाट करायची फाईल त्याच डोंगरात पुरलेली आहे. सुमित्रा तेव्हा हसली होती. आत्ता ती खिडकीतून बघत होती आणि मास्कमुळे तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. फाईल बळवंतरावांच्या मांडीवर होती. गाडीत द्यायची हिंमत झाली नाही, असं म्हणता आलं असतं, पण हिंमतीचा प्रश्न नव्हता. फाईल चालत्या गाडीत पुट अप करत नाहीत. टॅक्सीवाल्याने विचारलं, ‘अंकल, दोनों जा रहे हो?’ बळवंतराव म्हणाले, ‘अभी पता नहीं.’ सुमित्राने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे वळवली.

निजामुद्दीनला गाडी लागलेली होती. हमालाने बॅगा चढवल्या, खिडकीजवळची खालची जागा. दहा मिनिटं होती. बळवंतराव समोरच्या बाकावर बसले, मग उठले, आणि उभं राहून दोन्ही हातांनी फाईल पुढे धरली. साहेबाच्या खोलीत असंच धरायची रीत होती. सुमित्राने पर्समधून चष्मा काढला. तिने पान वाचलं. घाई न करता, ओठ किंचित हलवत, एकेक ओळ. समोरच्या बाईने डबा उघडला, पुऱ्यांचा वास आला. त्यांच्या घरात कोणाचाही कागद असा वाचला गेला नव्हता, हे बळवंतरावांना तिच्या डोळ्यांच्या हालचालीवरून कळत होतं. ती शेवटपर्यंत आली, पुन्हा वर गेली, खोडलेला ‘पु’ मागच्या पानावर होता, तोही तिने उलटून पाहिला.

“ड्राफ्टिंग तुमचं चांगलंच होतं पहिल्यापासून,” ती म्हणाली. “आज बिघडलंय.”

“हो.”

“बरं झालं.”

ते थांबले. “मग?” त्यांनी विचारलं. “पेन देऊ?” त्यांनी खिशाला हात लावला. खिशात पेन नव्हतं. टेबलावरच राहिलं होतं. पस्तीस आणि अकरा अशा शेहेचाळीस वर्षांत ते पहिल्यांदा पेनाशिवाय घराबाहेर पडले होते.

“राहू दे,” सुमित्रा म्हणाली. तिने फाईल मिटली, चहाच्या वर्तुळांवरून हात फिरवला, नाडी बांधली आणि पर्सशेजारी उशाला ठेवली. “आली ना आता माझ्याकडे. बघते.”

“कधी?”

“आधी वरची पानं वाचते सगळी. पहिल्यापासून. बऱ्याच दिवसांत एकसलग वाचली नाहीत.” तिने चष्मा काढून पुसला. “क्रमाने तुमचं पान येईल तेव्हा बघते.”

यात काही वावगं नव्हतं. पद्धत तीच होती. गाडी हलली तेव्हा ते खाली उतरलेले होते, आणि डबा पुढे गेला तेव्हा त्यांनी हात वर केला, तो बराच वेळ वरच राहिला, कारण खाली घ्यायचं लक्षात आलं नाही. घरी परत येईपर्यंत पाच वाजले. त्यांनी केतकीला फोन करून सांगितलं, बसली. ‘काय म्हणाली?’ ‘बघते म्हणाली.’ केतकी म्हणाली, ‘बाबा, जेवून घ्या.’ टेबलावर पेन उघडंच पडलं होतं, टोपण बाजूला, निबावरची शाई वाळलेली. फाईल होती तिथे आयताकार स्वच्छ जागा होती आणि भोवती पंधरा दिवसांची धूळ. त्यांनी चहा केला, बिनसाखरेचा, आणि कप कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला. प्यायचा राहिला. खिडकीतलं राखाडी काळं होत गेलं. उद्या रात्री मिरज. मग परवा बालवाडी. मग दुपारी केव्हातरी वरच्या खोलीत ती नाडी सोडेल. एकतीस वर्षं, शंभरेक पानं. मांजराचा तक्ता लागेल आधी, फटाके, बालवर्ग, मग तो फेब्रुवारी. तिथे ती किती दिवस थांबेल, याचा अंदाज करता येत नव्हता. तिथून पुढे येईलच, असंही धरून चालता येत नव्हतं.

फोन टेबलावर होता आणि ते त्याच्याकडे बघत होते, हे त्यांच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. ते खुर्चीत बसलेले नव्हते. स्वयंपाकघराच्या दाराशी, पडद्याला खांदा लावून, ते एका पायावर उभे होते, आणि दुसऱ्या पायाची, डाव्या, बधिर पायाची बोटं पोटरीवर घासत होती. किती वेळ ते असे उभे होते कोणास ठाऊक. त्यांनी पाऊल खाली ठेवलं. टाचेपासून वर बारीक बारीक मुंग्या चढू लागल्या, आणि दुखलं.